तीनशे अडुसष्ट किलो आणि मागे बसलेले यजमान

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"माझं वय ४७, उंची १६१ सेंटीमीटर. गेली पंधरा वर्षं ३५० सीसीची, साधारण १९० किलोची गाडी चालवते. आता हार्ली-डेव्हिडसनच्या नव्या मोठ्या गाड्यांपैकी एक घ्यायची, एवढं पक्कं केलंय. हेरिटेज क्लासिक, स्ट्रीट ग्लाइड की रोड ग्लाइड, इथे घोडं अडलंय. वर्षातून दोन लांबच्या सहली होतात, दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर, मागे नवरा असतो. त्याचं वजन ८२ किलो. एरवी रोजचं ऑफिस, बारा किलोमीटर, सगळा रस्ता गर्दीचा. जुनी गाडी विकून एकच ठेवावी असंही मनात आहे. जुने हार्लीवाले म्हणतात, नव्या गाड्यांत जीवच उरला नाही, समोर टीव्ही लावून ठेवलाय. दुसरे शपथेवर सांगतात की या कंपनीने इतकी चांगली टूरिंग गाडी कधी केलीच नव्हती. आणि मोठ्या भावाने 'तुला झेपणार नाही, पडली तर उचलणार कोण?' असं विचारून विषयच मिटवला. ऐकायचं कोणाचं?"

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागून. तुमच्या जागी मी असतो तर हेरिटेज क्लासिक घेतली असती आणि ऑफिसला जायला जुनी ३५० ठेवली असती. ती विकायचा विचार पत्रात एका ओळीत येऊन गेलाय, तो कृपा करून सोडून द्या. भावाच्या प्रश्नाचं उत्तर 'झेपेल' असं आहे. पण ते नुसतं धीर द्यायला म्हणत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्हाला मिळालेली निम्मी मतं गाडीच्या वजनाभोवती फिरतात, आणि वजनाबद्दल जितकं अंदाजपंचे बोललं जातं तितकं दुसऱ्या कशाबद्दल बोललं जात नसेल.

आकडे असे आहेत. पेट्रोल-तेल भरून, रस्त्यावर न्यायला तयार असलेली २०२४ ची नवी स्ट्रीट ग्लाइड ३६८ किलोची आहे, रोड ग्लाइड ३८० किलोची. २०२५ ची हेरिटेज क्लासिक सव्वातीनशेच्या आसपास. तुमच्या सध्याच्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट. हा आकडा ऐकला की पोतं उचलल्यासारखं काहीतरी डोळ्यांसमोर येतं आणि तिथेच माणूस हबकतो. पण गाडी चालू असताना ते वजन दोन टायर वाहतात. एकदा वेग पकडला की गाडी आपला तोल आपण धरते. तिथे सव्वातीनशे काय नि पावणेचारशे काय, फारसा फरक जाणवतही नाही. उलट जड गाडी मोठ्या ट्रकच्या वाऱ्याने कमी हलते. तुमच्या हातापायांवर भार येतो तो गाडी थांबताना, निघताना, पार्किंगमध्ये मागेपुढे सरकवताना. आणि तेव्हाही सगळं वजन येत नाही, गाडी जितकी कलेल तितकंच येतं.

यासाठी मी एक ढोबळ हिशेब नेहमी मांडून दाखवतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरा आणि तुमचे हात एक मीटर उंचीवर हँडलवर. स्ट्रीट ग्लाइड सरळ उभी असेल तर दोन बोटांनी धरता येते. ५ अंश कलली की हातांवर १६ किलो येतात, १० अंशांना ३२, २० अंशांना ६३. म्हणजे पहिल्या काही अंशांत ती बाजारातल्या पिशवीएवढी असते आणि तिथेच सावरली नाही तर बघता बघता माणसाएवढी होते. मोठ्या गाड्या पडतात त्या याच मधल्या क्षणी. पाच अंशांवर जिने लक्ष दिलं तिला ताकदीची गरजच पडत नाही, आणि वीस अंशांपर्यंत जाऊ दिली तर पैलवानाच्याही हातून सुटते. तुमच्या भावाने दंड बघून निकाल दिलाय. बघायला हवा होता तुमचा पंधरा वर्षांचा सराव.

आता हाच हिशेब हेरिटेजला लावा. पाच अंशांना चौदा किलो, दहाला अठ्ठावीस. म्हणजे दोन गाड्यांच्या वजनात चाळीसेक किलोंचा फरक असूनही पाच अंशांवर तुमच्या हातांना तो जेमतेम दोन किलोंचा जाणवणार.

आणि यजमान? मागच्या सीटवर बसलेल्या माणसाचा मध्य जमिनीपासून सुमारे मीटरभर उंच असतो, गाडीच्या मध्याच्या दुप्पट उंच. गाडी पाच अंश कलली की त्यांचे एकट्याचे सात किलो तुमच्या हातांवर येतात. तेही ते शिस्तीत बसलेले असतील तर. गाडी अगदी सरळ उभी असताना ते एका बाजूला वाकले आणि त्यांचा मध्य फक्त दहा सेंटीमीटर सरकला, तर आठ किलो. पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की त्यांना खांद्यावरून मागे वळून बघायची आणि चालत्या गाडीवरून फोटो काढायची हौस आहे. ताई, हेरिटेज की स्ट्रीट ग्लाइड या प्रश्नापेक्षा ही हौस तुमच्या तोलाला चौपट महत्त्वाची आहे. हे पत्र त्यांनाही वाचायला द्या.

त्यांच्यासाठी मोजकेच नियम. चढण्याआधी तुमची मान हलायला हवी; तुम्ही दोन्ही पाय टेकवून, पुढचा ब्रेक दाबून, गाडी सरळ धरल्यावरच त्यांनी पाय टाकायचा. उतरतानाही तसंच, विचारून. सिग्नलला गाडी थांबत असताना शेवटचे दहा मीटर हलायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. वळणावर तुमच्या आतल्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं, म्हणजे त्यांचं अंग आपोआप गाडीबरोबर कलतं. माझी पत्नी माझ्या मागे वीस वर्षं बसते आहे आणि आजही ती चढण्याआधी "येऊ?" असं विचारते. या एका शब्दावर आमच्या कितीतरी सहली सुखरूप झाल्यात.

वजनाचा फरक इतका किरकोळ असेल तर मग मी हेरिटेज का म्हणतो, असं तुमच्या मनात आलं असेल. त्याला तीन कारणं आहेत आणि तिन्ही तुमच्याच पत्रातून निघतात.

पहिलं कारण, तुमचे दिवस अडीचशे-तीनशे किलोमीटरचे आहेत. स्ट्रीट ग्लाइड आणि रोड ग्लाइड यांचा खरा कस पाचशे-सहाशे किलोमीटरच्या दिवशी लागतो, दुपारी तीननंतर, जेव्हा छातीवरचा वारा माणसाला शिणवून टाकतो. मोठी फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं कवच, बावीस लिटरच्या पुढची टाकी, स्पीकर, नकाशा, सगळं त्या दिवसासाठी केलेलं आहे. तीनशे किलोमीटरसाठी हेरिटेजची काढता येणारी विंडशील्ड आणि दोन बॅगा पुरतात. आणि ती काच काढून ठेवली की एखाद्या रविवारी सकाळी तीच गाडी निव्वळ क्रूझर होते. टूरिंग गाडीची फेअरिंग तशी काढून ठेवता येत नाही.

दुसरं कारण सीटची उंची. स्ट्रीट ग्लाइडची सीट ७१५ मिलिमीटर, हेरिटेजची त्याहून थोडी खाली. कागदावर हा फरक बोटा-दोन बोटांचा दिसतो. पण या गाड्यांच्या सीट रुंद असतात, मांड्या फाकतात आणि पाय तितका खाली पोहोचत नाही. तुमच्या उंचीला दोन्ही गाड्यांवर पाय टेकतील. प्रश्न आहे पूर्ण तळवा टेकतो की नुसता चवडा. सपाट जागेवर चवडा चालून जातो. रस्ता एका बाजूला उतरता असेल आणि मागे ८२ किलो असतील, तर टाचही टेकायला हवी. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर हे कळत नाही. गाडी बाहेर काढून, रस्त्याच्या कडेच्या उतारावर, प्रवासात जे बूट घालता तेच घालून बसून बघा.

तिसरं कारण हँडलवरचा भार, आणि इथे मला जरा थांबायचंय. या तीन गाड्यांत सगळ्यात मोठा फरक इथे आहे, पण बोलताना लोक स्क्रीनवर घसरतात.

स्ट्रीट ग्लाइडची वटवाघळाच्या पंखांसारखी फेअरिंग, जी या कंपनीच्या टूरिंग गाड्यांवर १९६९ पासून ओळखीची आहे, पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना, बसवलेली असते. हँडल वळलं की फेअरिंग, काच, स्क्रीन, स्पीकर, सगळं त्याबरोबर वळतं. त्यामुळे चालण्याच्या वेगाला हँडल जड लागतं, आणि एकदा पूर्ण वळलं की ते सगळं लोढणं त्याच बाजूला आणखी पडू बघतं. मोठ्या रस्त्यावर बाजूचा वारा आला तर तो फेअरिंगला ढकलतो आणि फेअरिंग तुमच्या हातांना. रोड ग्लाइडची शार्कच्या नाकासारखी फेअरिंग फ्रेमला बसवलेली असते. हँडल वळतं, ती जागची हलत नाही. वारा गाडीला ढकलतो, हातांपर्यंत येत नाही. मी स्वतः गेली काही वर्षं अशीच फ्रेमवर फेअरिंग असलेली गाडी चालवतो आणि मोकळ्या, वाऱ्याच्या रस्त्यावर मला दुसरं काही नको असतं. म्हणजे माझा कल कुठे आहे हे तुम्हाला आता ठाऊक आहे. पण पहिले पंधरा दिवस माझी पार्किंगमध्ये तारांबळ उडायची. नजरेसमोरची फेअरिंग सरळ, आणि खाली चाक भलतीकडेच वळलेलं! डोळे एक सांगतात, हात दुसरं. निघताना चाक सरळ आहे असं समजून क्लच सोडला की गाडी एकदम आडवी जाते. तुम्ही रोड ग्लाइड चालवून बघाल तेव्हा निघण्याआधी दोन्ही हातांच्या मुठी समान अंतरावर आहेत का, एवढं बघायची सवय लावा. मुठी खोटं बोलत नाहीत. हेरिटेजची विंडशील्डही फोर्कलाच असते, पण ती एक काच आणि दोन पट्ट्या, बाकी काही नाही. ३५० वरून येणाऱ्या हातांना ते हँडल पहिल्या दिवशी ओळखीचं वाटेल.

आता जीव उरला नाही म्हणणाऱ्यांविषयी. त्यांना मी मोडीत काढणार नाही, कारण त्यांचं प्रेम खरं आहे. पण या कंपनीच्या प्रत्येक नव्या गोष्टीला आधी शिव्या खाव्याच लागतात. १९८४ ला इव्होल्यूशन इंजिन आलं, १९९९ च्या मॉडेलला ट्विन कॅम, २०१७ च्या मॉडेलला मिलवॉकी-एट. प्रत्येक वेळी आधीचंच इंजिन शेवटचं अस्सल होतं असं सांगणारे भेटले. २०१८ च्या मॉडेलांना डायना ही मालिका बंद करून तिच्यातल्या गाड्या सॉफ्टेल मालिकेत घेतल्या (तुमची हेरिटेज याच मालिकेतली), तेव्हा तर अनेकांच्या घरात सुतक असल्यासारखं होतं. आज त्यातलेच कित्येक नव्या सॉफ्टेलच्या फ्रेमचं कौतुक करतात. बदलाने दुखावलेल्या माणसाचं मत ऐकावं, पण ते गाडी चालवून दिलंय की नुसती बघून, हे आधी विचारावं.

त्यांच्या तक्रारीत तथ्य कुठे आहे तेही सांगतो. नव्या स्ट्रीट ग्लाइड आणि रोड ग्लाइडवर १२.३ इंचांची टचस्क्रीन आहे. जुने काट्यांचे गोल मीटर गेले, बरीचशी बटणंही गेली. काट्यांच्या मीटरकडे ओझरती नजर टाकली तरी वेग कळायचा. स्क्रीनवर आधी नजर स्थिरावते, मग वाचते. चालत्या गाडीवर मेनूत शिरणं मला मुळीच मान्य नाही. पण त्याची तोड सोपी आहे: एका संध्याकाळी गाडी स्टँडवर लावून अर्धा तास बसायचं, आपल्याला लागणारं एकच दृश्य ठरवायचं आणि प्रवासात त्याला हात लावायचा नाही. हेरिटेजवर एवढा मोठा पडदा नाही, हे तुमच्या मनाला कदाचित बरंच वाटेल.

आणि 'इतकी चांगली टूरिंग गाडी कधी नव्हती' म्हणणारे? माझ्या मते तेही खोटं बोलत नाहीत. मागच्या सस्पेन्शनची हालचाल वाढून ७६ मिलिमीटर झाली. आधीच्या स्ट्रीट ग्लाइडवर खड्डा आला की मागे बसलेल्याच्या मणक्यापर्यंत जायचा, ते आता पुष्कळ कमी झालंय. वजनही आधीपेक्षा काही किलोंनी उतरलंय. इंजिन ११७ घन इंचांचं, म्हणजे १९२३ सीसी. मिलवॉकी-एट मधलं 'एट' हे आठ व्हॉल्व्हचं, एका सिलिंडरला चार. या गाड्यांत बळ शोधावं लागत नाही. वरच्या गिअरमध्ये हळू आवाजात जाताना मूठ जराशी पिळली की मागून कोणी तळहात लावून ढकलावं तशी गाडी पुढे सरकते. २०२५ पासून हेच ११७ सगळ्या सॉफ्टेलमध्ये आलं, तीन वेगवेगळ्या ट्यूनमध्ये. हेरिटेजला त्यातलं सगळ्यात सौम्य मिळालंय. सौम्य शब्दाने नाराज होऊ नका. तीनशे किलोमीटरच्या दिवसाला, डबल सीट, यापेक्षा जास्त बळ वापरायला जागा मिळत नाही.

एक फरक मात्र अंगाला जाणवेल. टूरिंग गाड्यांत इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणून सिग्नलला थांबल्यावर ते हलताना दिसतं, आरसे थरथरतात, आणि वेग घेतला की सगळं शांत होतं. सॉफ्टेलमध्ये इंजिन फ्रेमला घट्ट बोल्टने बसवलेलं असतं आणि हादरे मारायला आत दोन बॅलन्सर फिरतात. त्यामुळे तिचं स्पंदन सगळ्या वेगांना सारखंच, बारीक, पायपाटीतून वर येणारं. कोणाला एक आवडतं, कोणाला दुसरं. इथे माझं मत तुमच्या कामाचं नाही, तळपाय तुमचे आहेत.

ऑफिसच्या बारा किलोमीटरकडे येतो, कारण जुनी गाडी ठेवा म्हणालो ते यासाठीच. या इंजिनाचे दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात एकामागे एक असतात. पुढच्याला वारा लागतो, मागचा त्याच्या आडोशाला. गाडी चालती असेपर्यंत निभावतं. गर्दीत दहा मिनिटं रांगलात की मागच्या सिलिंडरची आणि सायलेन्सरच्या पाइपची धग उजव्या मांडीला आणि पोटरीला थेट लागते. नव्या टूरिंग गाड्यांत सिलिंडर हेडभोवती कूलंट फिरतं, त्याने पूर्वीपेक्षा बरं झालंय, पण दोन लिटरच्या जवळ जाणारं इंजिन शेवटी उष्णता टाकणारच. हेरिटेजला हवा आणि तेल, एवढाच आधार. रोज तासभर अशा गर्दीत तुम्ही ही गाडी चालवलीत तर तीन महिन्यांत तिचा राग येऊ लागेल, आणि चूक गाडीची नसेल. हौसेच्या गाडीला रोजच्या कामाला जुंपू नये. तुमची ३५० त्या कामाला उत्तम आहे आणि सरावही राखेल.

भावाचा दुसरा प्रश्न उरला: पडली तर उचलणार कोण? हा प्रश्न रास्त आहे. माझीही पडली आहे, आणि कशी ते सांगतो.

पेट्रोल पंपावर रांग होती. जमीन थोडी डावीकडे उतरती. पत्नी आधीच उतरून बाजूला उभी होती. पुढची गाडी हलली, मी पुढे सरकलो, शेवटचे दोन मीटर हँडल डावीकडे वळवून, आणि पुढचा माणूस अचानक थांबला म्हणून उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबला. चाक वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडीचा सगळा पुढे जाणारा जोर वळलेल्या बाजूला खाली जातो. डावा पाय टेकवला तो सांडलेल्या डिझेलवर. पाय सरकला, आणि साडेतीनशे किलो माझ्या गुडघ्याच्या आतून हळूच, अगदी सावकाश, निघून गेले. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला असता तर पाठ गेली असती. सोडून दिली. इंडिकेटर फुटला, क्लचचा लिव्हर वाकला. त्या दिवसापासून चालण्याच्या वेगाला मी पुढच्या ब्रेकला बोट लावत नाही. फक्त मागचा ब्रेक, पायाने, आणि हाफ क्लच.

उचलायची रीत अशी. आधी इंजिन बंद करा. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आत्ताच बाहेर काढून ठेवा, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे जाणार नाही. गिअर टाकलेला असू द्या, चाक फिरत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवा, एका हाताने खालची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचा दांडा किंवा फ्रेमची घट्ट जागा धरा, पाठ ताठ ठेवा, आणि मांड्यांच्या जोरावर लहान लहान पावलं मागे टाकत जा. हात फक्त धरायला, उचलायचं काम पायांचं. इंजिन गार्ड असेल तर गाडी पूर्ण आडवी होत नाही आणि पहिला, सगळ्यात जड टप्पा वाचतो; तुमच्या गाडीवर तो नसेल तर पहिल्या दिवशी बसवून घ्या. तुमच्यापेक्षा लहान चणीच्या बायकांना या पद्धतीने मोठी गाडी उभी करताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि उतारावर, वाळूत किंवा एकट्या असताना जमत नसेल तर मदतीची वाट बघण्यात कमीपणा नाही. माझी पंपावर तिघांनी उभी केली होती.

दुसऱ्या कंपन्यांचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक नाव घेतो. होंडाची गोल्ड विंग वजनाला स्ट्रीट ग्लाइडच्या पंगतीतलीच, पण तिचं सहा सिलिंडरांचं १८३३ सीसी इंजिन आडवं पसरलेलं असतं, वजन खाली राहतं, आणि पार्किंगमध्ये मागे घ्यायला रिव्हर्सची सोय आहे. तोल हीच तुमची मुख्य काळजी असती आणि दिवस लांब असते, तर मी तिचं नाव पहिलं घेतलं असतं. हार्लीच्या या तिन्ही गाड्या मागे घ्यायच्या म्हणजे पायांनीच. त्यामुळे कुठेही लावताना उताराकडे नाक करून लावू नका. मागचं चाक खाली, पुढचं वर, म्हणजे निघताना गाडी स्वतःच खाली सरकते. टूरिंग गाड्यांवर चढावर गाडी धरून ठेवणारी ब्रेकची सोय आहे. डबल सीट चढावर थांबणाऱ्यासाठी ती फार मोलाची, आणि हेरिटेज घेताना ही एक गोष्ट तुम्ही सोडून देत आहात हे मनाशी असू द्या.

आता टेस्ट राइड. शोरूमवाला तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर पाठवेल. तिथे तिन्ही गाड्या आवडतील, त्यातून काही ठरणार नाही. तुम्ही त्याला सांगा की मला रिकामं पार्किंग हवंय, अर्धा तास. तिथे एकट्याने, पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लच आणि मागचा ब्रेक यांवर माणसाच्या चालीने सरळ रेषेत जा. मग डावीकडे यू-टर्न, मग उजवीकडे. उजवीकडचा अवघड जातो, कारण मूठ शरीराजवळ येते आणि नकळत पिळली जाते. नजर जिथे जायचंय तिथे ठेवा; जमिनीकडे बघाल तर गाडी जमिनीकडे जाईल. गाडी बंद करून, स्टँड काढून, सीटवर बसूनच दोन मीटर मागे ढकला. त्यानंतर यजमानांना मागे घ्या आणि हेच सगळं पुन्हा. ज्या गाडीवर दुसऱ्या फेरीत तुमचे खांदे कानांपासून खाली आले, ती तुमची. ती स्ट्रीट ग्लाइड निघाली तर माझं हेरिटेजचं मत खुशाल बाजूला ठेवा. तुमच्या खांद्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. जमलं तर दोन दिवस भाड्याने घेऊन एक मुक्काम करून या. अर्ध्या तासात न दिसलेली धग आणि सीटची कडा तिथे दिसते.

गाडी घेतल्यावर पहिले पाचशे किलोमीटर एकट्याने करा. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, यजमानांच्या वजनाला लावून घ्या, सामानासकट. तो विसरला तर गाडी मागे बसते, वळणावर पायपाट्या लवकर घासतात आणि हेडलाइट आभाळाकडे जातो. टायरची हवा डबल सीटच्या आकड्याप्रमाणे, गाडी थंड असताना.

आणि भावाला टेस्ट राइडच्या दिवशी बरोबर घेऊन जा. तो कडेला उभा राहू दे. उजवीकडचा यू-टर्न झाला की त्याच्यासमोर येऊन थांबा, दोन्ही पाय टेकवा, इंजिन बंद करा. मग त्याला विचारा, मागे बसून बघतोस का? काय म्हणाला ते मला कळवा.